पन्नासच्या वजनावरचा शेंदूर

माझ्या खोलीत दोन खिडक्या आहेत, एक दरवाजा, एक टीव्ही, नऊ चषक आणि हार घातलेला एक फोटो. माझ्याजवळ पाच वजने आहेत : दहाची दोन, वीसची दोन, पन्नासचे एक. दांडीवर दहा किलोपर्यंतच्या शंभर खुणा आहेत. खाली चार चाके, त्यांतले एक फिरत नाही. मित्रांनो, मोजणे हेच माझे काम, म्हणून ओळख करून देण्याआधी मोजून घेतले. मी माणसे तोलणारा जुना काटा. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका लहान गावात, कबड्डी मंडळाच्या खोलीत माझा मुक्काम असतो.

माझ्या पोटात लोखंडी तरफा आहेत. फळीवर शंभर किलोचा माणूस उभा राहिला, तर दांडीच्या टोकाला फक्त एक किलो टांगावा लागतो. म्हणून माझे पन्नासचे वजन हातात घेतले तर जेमतेम पाचशे ग्रॅम भरते. तिथे एक ग्रॅम वाढला, की इकडे शंभर ग्रॅमची चूक होते. मला घडवणाऱ्या कारागिराने हे सगळे हिशेबाने केले होते. पुढे माणसे काय करतील, याचा हिशेब मात्र त्याच्यापाशी नव्हता.

माझी पहिली नोकरी कांद्याच्या वखारीत झाली. वखारीच्या मालकाने पन्नासच्या वजनाखाली डांबराचा गोळा चिकटवला होता. वजन जड झाले, की शेतकऱ्याचा कांदा हलका भरायचा. गोणी उचलणारी रंगुबाई हे रोज पाहायची आणि गप्प राहायची. एके दिवशी तपासनीस आला, त्याने डांबर खरवडले आणि वजनाला मोहोर लावली. पुढे वखार बंद पडली आणि कबड्डी मंडळाने मला विकत घेतले. गावोगावच्या स्पर्धा वजनी गटाच्या असत. खेळाडूंना तोलायला काटा हवाच होता.

ती माझी चांगली वर्षे होती. दर रविवारी पोरे अंघोळ करून फळीवर चढायची. मला पाय ओळखता येतात. भेगाळलेले, ओले, भीतीने बोटे आखडलेले, सगळे पाय मी ओळखतो. रंगुबाईच्या छगनचे पाय इतके हलके होते, की दांडी जागची हलायला क्षणभर उशीर करायची. एकोणीसशे शहाण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्याचे वजन चोपन्न किलो भरले. तरी त्याला खुल्या गटात उतरवले, कारण त्याच्यासारखी चढाई करणारा तालुक्यात दुसरा नव्हता. तिसऱ्या चढाईत तिघे जण त्याच्या छातीवर पडले. छगन उठला, माझ्या खोलीच्या भिंतीला टेकून बसला, अर्धा तांब्या पाणी प्याला आणि तसाच बसून राहिला. तो पुन्हा उठला नाही.

फोटो त्याचाच आहे. त्यानंतर मंडळाने नियम केला : माझ्यावर साठ किलो न भरणाऱ्याने खुल्या गटात खेळायचे नाही. त्या दसऱ्याला सगळ्यांनी माझी पूजा केली. रंगुबाईही आली. तिने तेलात कालवलेला शेंदूर बोटावर घेतला आणि पन्नासच्या वजनाला लावला. पुढच्या दसऱ्याला पुन्हा आली. त्याच्या पुढच्या दसऱ्यालाही. जुना शेंदूर कोणी पुसत नसे, त्यावर नवा चढायचा. वजनाच्या कडा बुजल्या, आकडा बुजला, मोहोर बुजली. देवाच्या दगडासारखे ते गुळगुळीत, केशरी झाले.

आणि मग, मित्रांनो, लोक कुजबुजू लागले. श्रीगोंद्याच्या दवाखान्यात साठ भरणारे पोर माझ्यावर अठ्ठावन्न भरू लागले, काही वर्षांनी सत्तावन्न. वजने न टांगता रिकाम्या फळीवर दांडी अगदी सरळ राहायची, म्हणून काट्यात खोट आहे असे कोणाला वाटले नाही. लोक म्हणायचे, ‘‘छगन खालून उचलतोय.’’ लहान मुले पोटावर पालथी पडून माझ्या फळीखाली वाकून बघायची. कोणी तळहात दिसले म्हणायचे. फळीवर उगाच बसायचे धाडस कोणी करत नसे. माझ्या खाली कोण आहे हे मला बघता येत नाही. पाय वरून टेकतात तेवढेच मला कळते. तरी ते बोलणे ऐकून ऐकून मीही खालच्या अंधाराकडे लक्ष देऊ लागलो.

या वर्षी गावातल्या कल्याण नावाच्या पोराची व्यावसायिक लीगच्या संघात निवड झाली. उंची पाच फूट चार इंच. गावात दोन तट पडले आणि दर संध्याकाळी माझ्याभोवती वाद पेटू लागला.

‘‘तिथं पंच्याऐंशी किलोचे गडी हायेत,’’ मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणायचे. ‘‘हे पोरगं त्यांच्या बगलंत मावंल.’’

‘‘आधी घावलं तर पायजे ना बगलंत!’’ टेम्पोवाला भिमाजी उसळायचा. ‘‘आप्पा, गेल्या पोळ्याला तुमी सात जनांनी त्याला धरला हुता. हातात काय ऱ्हायलं? बनियन!’’

‘‘बनियन ऱ्हायली ती गावात. तिथं बरगडी ऱ्हाईल.’’

‘‘तुमचं आपलं कायम मयताचं बोलनं.’’

‘‘मी मयत बघितलंय, भिमा. तू ऐकलंय फकस्त.’’

मग कोणीतरी फोटोकडे बघायचे आणि वाद थंडावायचा.

संघाच्या शिबिरात जायला मंडळाची सही लागत होती. आप्पासाहेबांनी सांगून टाकले, आपल्या काट्यावर साठ भरल्याशिवाय सही नाही. दवाखान्याची चिठ्ठी एकसष्ट किलो दोनशे ग्रॅम सांगत होती. ते म्हणाले, ‘‘तो काटा छगनला वळखत न्हाई.’’ कल्याण दूध, केळी, शेंगदाणे खात राहिला. सलग तीन रविवार माझ्यावर सत्तावन्न किलो चारशे ग्रॅमच भरले. तिसऱ्या रविवारी त्याचे पाय गार पडले होते. तो बहिणीला हळूच म्हणाला, ‘‘निके, खरंच कुनी तरी उचलतंय गं. मला तळव्याला जानवतंय.’’

त्याची बहीण निकिता श्रीगोंद्याच्या कॉलेजात विज्ञान शिकते. सही करायचा शेवटचा रविवार आला तेव्हा ती पुढे झाली.

‘‘आप्पा, पन्नासचं वजन काढा. त्याच्याऐवजी वीसची दोन आणि दहाची दोन लावा. साठच होतात ना?’’

‘‘साठच की.’’

चारही वजने टांगली. कल्याण चढला. तिने दांडीवरचा सरकता भार एक-एक खूण पुढे नेला. एकसष्ट किलो दोनशे ग्रॅम.

आप्पासाहेबांनी केशरी वजन हातात घेऊन उलटसुलट फिरवले. तेव्हा दारातून रंगुबाईचा आवाज आला.

‘‘शेंदूर हाय तो. मीच वाढवलाय.’’

‘‘दसऱ्याचा शेंदूर, मावशी. त्यात काय एवढं?’’ आप्पासाहेब म्हणाले.

‘‘वखारीत बघितलं हुतं मी. वजन जड केलं की माल हलका भरतो.’’

‘‘अगं, ही पोरं हायेत! माल हाय व्हय?’’

‘‘म्हनून तर केलं.’’

आप्पासाहेब खाली बसले. ‘‘किती पोरं मागं ठिवलीस?’’

‘‘अकरा.’’ तिला आठवावे लागले नाही. ‘‘अकराच्या अकरा जित्ती हायेत.’’

भिमाजी पुढे सरकला. ‘‘मावशे... मी साठाला चारशे ग्रॅम कमी भरलो हुतो. मीबी?’’

‘‘तू पयला,’’ रंगुबाई म्हणाली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवू लागली. भिमाजीने तो हात झटकला, मग पुन्हा धरला.

निकिताने पत्र्याच्या पट्टीने शेंदूर खरवडला. एकोणतीस दसऱ्यांचे पापुद्रे एकावर एक होते. सोनाराच्या काट्यावर ते अडतीस ग्रॅम भरले, आणि उघडे झालेले वजन बरोबर पाचशे. पापुद्र्यांची पुडी तिने रंगुबाईपुढे धरली. म्हातारीने ती घेतली नाही.

‘‘मला नगं. ज्याचं पोरगं खेळतंय त्यानं ठिवावं.’’

आप्पासाहेबांनी सही केली. कल्याण दुसऱ्या दिवशी गेला. यापुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पन्नासचे वजन सोनाराकडे तपासून आणायचे, असा ठराव झाला आणि खोलीची किल्ली निकिताकडे आली.

मित्रांनो, मला एवढेच सांगायचे आहे. काट्याला हार घालू नका, शेंदूर लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा. माझी हेळसांड झाली तर फार तर गंज चढेल, आणि गंज डोळ्यांना दिसतो. मायेने चढवलेला थर दिसत नाही. वखारीच्या मालकाने मला खोटे बोलायला लावले ते आठ महिन्यांत पकडले गेले. एका आईने लावले ते एकोणतीस वर्षे कोणाला कळले नाही. तिच्या बोटाला मी तेव्हा का नाही म्हणालो नाही, हे मला विचारू नका. काट्याला फक्त तोलता येते.

गेल्या आठवड्यात कल्याणचा पहिला सामना झाला. टीव्हीसमोर चाळीस माणसे बसली होती. काही जण दारात आणि दोन जण चक्क माझ्या फळीवर. पहिल्या दोन चढायांत कल्याणने तीन गुण आणले. भिमाजीने आरोळी ठोकली, ‘‘बघा आप्पा, बनियनबी न्हाई घावली!’’ तिसऱ्या चढाईत चौघांनी त्याला उचलले आणि आपटले. तो ढिगाखाली दिसेनासा झाला. समालोचक काही तरी हसून बोलला. मी माणसांचे श्वास मोजले नाहीत, पण ते थांबले होते. अकरा सेकंदांनी कल्याण उठला, छाती चोळत, वाकून, आणि रेषेबाहेर जाऊन बसला. कोणी तरी त्याला पाणी दिले. खोलीत शिट्ट्या झाल्या, गुलाल उडाला.

निकिता तेवढी टीव्हीतल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होती, मग छगनच्या फोटोकडे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती एकटी आली. तिने कडी आतून लावली. माझी फळी रिकामी होती, दांडी सरळ होती. तिने पन्नासचे वजन काढले आणि बराच वेळ तळहातावर धरले. मग ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. तेलाचा वास आला. निकिताचे बोट रंगुबाईच्या बोटासारखे खरखरीत नाही, मऊ आहे, आणि त्यावर शाईचा डाग आहे. ते वजनाच्या खालच्या बाजूला, जिथे पाहायला वजन उलटे करावे लागते तिथे, एकदा टेकले. मग तिने कडी काढली आणि ती गेली.

आज महिन्याचा पहिला रविवार. दोन पोरे साठासाठी रांगेत उभी आहेत. आप्पासाहेब स्वतः पन्नासचे वजन फडक्यात गुंडाळून सोनाराकडे घेऊन गेले आणि आकडा कागदावर लिहून आणला.

पाचशे एक ग्रॅम, तीनशे मिलिग्रॅम.