विहीणबाईंनी सीट मागे घेतली नाही

माझी लेक नयन हिचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बोरी अरबला, व्हायला हवं होतं. ते लंडनजवळच्या कुठल्याशा गावात होणार असं ठरलं, तेव्हा मी मनाला समजावलं की लेक येत नाही तर आपण जाऊ. पण तिकिटं दोन आली. एक माझं आणि एक तिच्या सासूचं.

सुनीतीबाईंचं आणि माझं भांडण नव्हतं. भांडण असतं तर फार बरं झालं असतं. यवतमाळच्या कचेरीत हयात गेलेली बाई. कडक इस्त्रीची साडी, हळू आवाज, आणि लग्नात मानपानाचा एक शब्द तोंडातून काढला नाही. लग्नानंतर, परदेशी जाण्याआधी, नयन दोन वर्षं त्यांच्याजवळ राहिली आणि तेवढ्यात माझी लेक पार त्यांची झाली. भाजीत तेल कमी घालायला लागली. फोनवर दर दोन वाक्यांनी 'आई म्हणतात' सुरू. आई म्हणजे त्या, मी नुसती माय. मला त्या बाईचा हेवा वाटायचा, आणि हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण लेकीला अशी सासू मिळाली म्हणून सारं गाव मला नशीबवान म्हणत होतं.

त्यातून तिथल्या दवाखान्याचा नियम असा, की बाळंतिणीच्या खोलीत नवऱ्याशिवाय आणखी एकाच माणसानं उभं राहायचं. मी फोनवर विचारलं, ते एक माणूस कोण? नयन म्हणाली, तुम्ही दोघी या तर आधी, मग बघू. मी पोटात वाढवलेली पोर मला 'बघू' म्हणते! त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. ते वर्ष कसलं होतं हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको. कापूस घरात आढ्यापर्यंत पडून होता, भाव नव्हता, आणि टीव्हीवाले गाड्या घेऊन रडणाऱ्या बायका शोधत फिरायचे. एकानं मलाही विचारलं, काकू, तुम्हाला चिंता कशाची वाटते? खरं सांगितलं असतं तर त्यानं कॅमेरा बंद केला असता.

निघण्याआधी अवधूतरावांनी, म्हणजे आमच्या जावयांनी, फोनवर दोघींना विमानातल्या रीतीभाती सांगितल्या. उठबस सोपी जावी म्हणून त्यांनी दोघींनाही कडेच्या जागा घेतल्या होत्या, एकीमागे एक. पुढे सुनीतीबाई, मागे मी. सीटच्या हाताला बटण असतं, ते दाबलं की पाठ मागे जाते. पण ती मागच्याच्या गुडघ्यांवर येते, म्हणून आधी वळून विचारायचं आणि जेवण आलं की सरळ करायची. मी हो हो म्हटलं आणि मनात हसले. मुलाच्या आईनं मुलीच्या आईला विचारायचं की मी टेकू का? आमच्याकडे मुलाकडचे टेकतात आणि मुलीकडचे हात जोडून उभे राहतात. लग्नात मी दोन दिवस उभी होते.

म्हणून मी वाटच बघत होते. ही बाई न विचारता पाठ टाकणार. माझे गुडघे आधीच आखडलेले, ते चेपले जाणार. मी तोंडातून ब्र काढणार नाही. उतरल्यावर नयनसमोर नुसती पाय चोळत बसेन. ती विचारेल, काय झालं माय? मी म्हणेन, काही नाही. एवढ्यानं खोलीतली ती एक जागा माझी झाली असती.

विमानात बसल्यावर सुनीतीबाईंनी वळून मला पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. त्या एकदा दिल्लीला विमानानं गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक. विमान वर गेलं, सरळ झालं, आणि आजूबाजूच्या सीटा एकेक करून मागे झुकू लागल्या. मीही बटण दाबलं. माझ्या मागे टायवाला साहेब होता, तो काहीतरी पुटपुटला. पुटपुटू दे म्हटलं, तो काही माझा व्याही नव्हता. मग मी समोरच्या सीटकडे डोळे लावून बसले.

ती सीट हलली नाही. जेवण आलं, हवाईसुंदरीनं माझ्या सीटची पाठ स्वतःच्या हातानं सरळ केली, जेवण झालं, ताटल्या गेल्या. मी पुन्हा मागे झाले. सगळं विमान आडवं पडून घोरायला लागलं तरी सुनीतीबाईंची सीट आपली ताठच्या ताठ. मला वाटलं, बटण सापडत नसेल. मी पुढे वाकून म्हटलं, “विहीणबाई, टेका ना आता. माही काळजी करू नका.”

त्यांनी नुसती मान अर्धी वळवली. “नको हो, मला अशीच सवय आहे.”

सवय म्हणे. कचेरीत ताठ बसायची सवय. इथे काय फाइली यायच्या होत्या का? मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. लेकीला दाखवायला मला एक दुखणं हवं होतं, आणि ही बाई तेवढंही देत नव्हती. चहा झाल्यावर मी पुन्हा टेका म्हटलं. त्यांनी पुन्हा नको म्हटलं, आणि शालीची गुंडाळी करून कमरेमागे ठेवली. थोड्या वेळानं उठून त्या मधल्या वाटेनं येरझाऱ्या घालू लागल्या. मी म्हटलं, घ्या, आता चालूनही दाखवतात. माझ्या सीटला धरून जरा थांबल्या आणि हसून म्हणाल्या, पाय पसरा तुम्ही, जागा आहे भरपूर. मी पाय पसरले आणि डोळे मिटले. रागारागात मला छान झोप लागली.

विमान उतरलं. लोक उभे राहिले, वरच्या पिशव्या काढल्या, रांगेनं बाहेर पडले. सुनीतीबाई उठल्या नाहीत. मी पुढे जाऊन बघितलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि दोन्ही हातांनी सीटचे हात घट्ट धरले होते. म्हणाल्या, पाठ धरली आहे, जरा थांबा. मग दोन माणसं चाकाची अरुंद खुर्ची घेऊन आली आणि त्यांना उचलून तिच्यात बसवलं. मी डिंकाच्या लाडवांचा डबा काखेत धरून मागून चालत होते. माझे गुडघे अजिबात दुखत नव्हते.

बाहेर नयन उभी होती, पोट एवढं पुढे आलेलं. तिनं दोघींकडे बघितलं आणि ती खुर्चीकडे धावली. माझ्या अंगावरून गेली.

“आई, तुम्ही सीट मागे घेतलीच नाही का? सगळा वेळ अशाच बसल्या?”

“तुझ्या मायला पाय हलवता आले ना, मग झालं,” सुनीतीबाई म्हणाल्या.

नयनला रडू फुटलं. तेव्हा मला कळलं. निघायच्या आधी तिनं सासूला फोन करून सांगितलं होतं की माझ्या मायचे गुडघे आखडतात, समोरची सीट मागे आली की तिचे पाय अडकतील, जरा सांभाळून घ्या. सुनीतीबाईंनी शब्द दिला होता. त्यांच्या मणक्यात दोष आहे आणि त्या साडीखाली पट्टा बांधतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नयनला ते माहीत होतं, पण आई जरासुद्धा टेकणार नाहीत असं तिला वाटलं नव्हतं.

म्हणजे लेकीला माझी काळजी होती. होती, पण ती माझ्यापर्यंत पोचली ती त्या बाईच्या पाठीवरून. घरी गेल्यावर सुनीतीबाईंना झोपवलं आणि मी नयनला स्वयंपाकघरात गाठलं.

“तू मले काहून नाही सांगतलं?”

“तुले सांगतलं असतं तं तू त्यायले टेका टेका म्हणत राह्यली असती,” ती म्हणाली.

तेच तर मी केलं होतं, फक्त कारण वेगळं होतं.

पुढचे दिवस सुनीतीबाई अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांची पाठ शेकायचं काम माझ्याकडे आलं. मी शेकत होते. पिशवीत पाणी जरा जास्त कढत भरावं असं रोज मनात यायचं. त्या दर वेळी 'तुम्हाला उगीच त्रास' म्हणायच्या, आणि माझा जीव आणखी जळायचा. एकदा शेकताना त्या म्हणाल्या, “नयनच्या जवळ तुम्हीच जा. माझ्यानं काही उभं राहवणार नाही.”

नयननं त्यावर मान डोलावली. झालं. ज्या जागेसाठी मी महिनोन्‌महिने झुरले ती अशी मिळाली. मला ती नयनच्या तोंडून हवी होती, निवडून. ही तर विहीणबाईंनी सोडली म्हणून मी बसले. त्यांनी मुद्दाम सोडली का खरंच पाठ धरली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. विचारायची माझी हिंमत नाही, कारण त्या खरं सांगतील.

कळा सुरू झाल्या तेव्हा एका बाजूला जावई आणि एका बाजूला मी. नयननं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली. इंग्रजी गेलं, सासरचं शुद्ध बोलणं गेलं, नुसतं माय वं माय चाललं होतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. आता ही माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही, असं मी मनात म्हणत होते.

एक कळ ओसरली. नयननं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि मनगट न सोडता विचारलं, “माय, आईची पाठ कशी हाय आता?”

मी म्हटलं, “बरी हाय. तू जोर लाव.”