बिअरच्या टाकीतलं मांस

“बाईसाहेबांचं झाकण आज पुन्हा अडून बसलंय. सोमवार म्हटला की हिचं असंच,” लुबोर मास्तर पान्याने नट सैल करत पुटपुटले.

मित्रांनो, त्या बाईसाहेब म्हणजे मी. मी एक जुनी पोलादी टाकी आहे. माझ्या पोटात दोन हजार लिटर मावतात, कमरेला एक पोचा आहे आणि युरोपात, मोराव्हिया प्रांतातल्या या लहानशा गावात मी एकतीस वर्षं बिअर आंबवली. मला घडवणाऱ्या वेल्डरचं नाव मला ठाऊक नाही. पण त्याने माझे आतले सांधे इतके गुळगुळीत घासले होते, की कारखान्यात बिअर करणारे हे मास्तर आत उतरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, “आमच्या लग्नातल्या भांड्यांनाही अशी झिलई नव्हती.” मळाला दडायला माझ्या अंगात एक खाच नाही, म्हणून मी आज जिवंत आहे. त्या वेल्डरचे उपकार कसे विसरू?

बिअरचा कारखाना बंद पडला, तेव्हा माझ्या सात बहिणी कापून गाडीत भरल्या. मी उरले ती वेंदुलामुळे. वेंदुला याच गावची, बाहेर शिकून परत आलेली. रुझेना नावाच्या डुकरिणीच्या मांडीतून तिने सुईने चिमूटभर पेशी काढून घेतल्या होत्या. रुझेनाला त्याचं काही वाटलं नाही, ती अजून चिखलात लोळते. त्या पेशी कोमट, पौष्टिक पाण्यात वाढवायच्या आणि कुणाला न मारता मांस करायचं, असा वेंदुलाचा बेत. मांस होतही होतं, पण वाटीभर. जास्त करायचं तर औषधाच्या कारखान्यातल्या टाक्या हव्यात, असं सगळे सांगायचे. त्या घेतल्या असत्या तर लोकांना मांस घ्यायला सोनाराकडेच जावं लागलं असतं.

“बिअरची टाकी चालणार नाही का?” तिने विचारलं, तेव्हा जाणकार हसले. मास्तर निवृत्त होऊन घरी बसले होते. ते निरोप न धाडता स्वतःच आले. “धुण्याचं काम माझ्याकडे द्या. मग बघू कोण हसतंय.”

त्यांनी मला वाफेने, सोड्याने, पुन्हा वाफेने असं न्हाऊ घातलं, की मला नवरीसारखं वाटलं. वेंदुलाने पेशींचं महागडं औषधी खाणं बंद करून अन्नाच्या दर्जाचं साधं खाणं सुरू केलं आणि पेशी तेही मिटक्या मारत खाऊ लागल्या. पहिलं पीक निघालं त्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बोहदानाबाई आल्या. त्यांनी त्याचा गुलाश, म्हणजे दाट रस्सा केला, कणकेच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबर खाल्ला आणि चमचा चाटून म्हणाल्या, “डुकरासारखं लागतंय. म्हणजे तक्रार नाही. भाव काय?”

“आत्ता बाजाराच्या सहापट,” वेंदुला म्हणाली. “ही टाकी न थांबता भरत राहिली तर दीडपट. त्याच्या खाली यायला हिच्याहून कितीतरी मोठ्या टाक्या लागतील, आणि तेव्हाही येईलच असं मी छातीठोक सांगत नाही.”

“दीडपट झालं तर आठवड्यातून एकदा दोनशे पोरांच्या ताटात वाढते. ईस्टरपर्यंत थांबते. पुढे नाही.”

त्यानंतर मात्र माझी तीन पिकं ओळीने नासली. चौथ्या दिवशी पाणी गढूळ व्हायचं, वर फेस यायचा. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं, कारण वास ओळखीचा होता. ते माझंच जुनं यीस्ट होतं, एकतीस वर्षं माझ्या पोटात नांदलेलं. बिअरसाठी ते अमृत, पण पेशींच्या तोंडचा घास तेच पळवतं.

कारखाना बंद झाल्यावर मास्तरांनी ते यीस्ट एका बरणीत घरी नेलं होतं. मरू कसं द्यायचं? दर रविवारी ते त्याला खाऊ घालत, बादलीभर बिअर करत. आणि सोमवारी माझा नमुन्याचा नळ उघडला, की बिअरवाल्याच्या सवयीने दोन थेंब अंगठ्यावर घेऊन वास घेत. हात धुतलेले असत. पण नखं, स्वेटरच्या बाह्या...

वेंदुलानेही सूक्ष्मदर्शकात ते यीस्ट ओळखलं होतं, ते कुणाच्या हातून येतं हेही. पण लहानपणी मास्तरांच्या सायकलवर पुढे बसून शाळेत गेलेली मुलगी ती. तिने माझ्या झाकणाची रबरं बदलली, पोच्याला दोष दिला, वाफ दुप्पट केली. शेवटी औषधाच्या कारखान्यातल्यासारख्या नव्या बंदिस्त टाकीच्या खरेदीचा कागद मागवला. ती टाकी आली की भाव पाचपटीखाली कधीच उतरणार नाही, हे तिनेच मांडून पाहिलं होतं. म्हणजे मी भंगारात, आणि पोरांचं ताट तसंच.

मित्रांनो, मला घासणारे, पुसणारे, जपणारे खूप भेटले आणि मी त्या सगळ्यांची ऋणी आहे. एकच विनवणी करते. जपणं म्हणजे नुसतं पुसणं नाही. ज्या माणसावर माया आहे, त्याच्यापासून खरं लपवून त्याला जपता येत नाही.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात बोहदानाबाई उत्तर घ्यायला आल्या. कागद टेबलावर होता, पेन वेंदुलाच्या हातात. मास्तर माझ्यातून बाहेर आले. गुडघे झाडत म्हणाले, “एकेक सांधा बोटाने चाचपलाय. हिच्यात काही नाही. मग येतं कुठून हे?”

वेंदुलाने त्यांच्याकडे न बघता कागद पुढे ओढला.

“बरं,” बोहदानाबाई पर्स उचलत म्हणाल्या, “तुम्ही एकमेकांना सांभाळत बसा. पोरांना मी सोयाचे तुकडे वाढते.”

वेंदुलाने पेन खाली ठेवलं. उठून मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले.

“मास्तर, टाकी चांगली आहे,” ती म्हणाली. “यीस्ट तुमच्या या हातांवरून येतं.”