तीनदा धुतलेली जखम

समिधा सिस्टर जखम तपासायला अकराला येणार म्हणून मी साडेनवापासून नवऱ्याचा पाय धूत बसले होते. एकदा साबणानं, दोनदा औषधाच्या पाण्यानं. टॉवरमधल्या बाया माझ्या मासळीच्या टोपलीपाशी नाकाला पदर लावतात, ते मी रोज गिळते. पण सिस्टरनी माझ्या घरात येऊन नाक मुरडलं असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

वास येत होता, चार दिवस येत होता. काशीनाथला शुगर. पाच महिन्यांपूर्वी तळव्यात खिळा घुसला, तेव्हापासून जखम भरत नाही, आणि तिथं सुई टोचली तरी त्याला कळत नाही. पण कल्ला उघडून मासा आजचा की कालचा ते सांगणारी मी, मला कळणार नाही होय? कळत होतं. आमच्या मुर्धा गावातल्या लवूचा असाच आधी अंगठा कापला, मग गुडघ्यापर्यंत पाय. म्हणून मी कुणापाशी बोलले नाही, नुसती धूत राहिले.

सिस्टरनी कापसाची काडी जखमेवर फिरवली, बाटलीतल्या पाण्यात ढवळली, तपासणीच्या पट्टीवर तीन थेंब टाकले. एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर आत जंतू वाढतायत, आजच मोठ्या दवाखान्यात जायचं, असं त्यांनी समजावलं. दहा मिनिटांत कळणार होतं. मला तर पट्टीकडं बघायचा धीरच होईना.

एकच रेघ आली.

काशीनाथ हसला, परवा मासेमारीला बोटीवर जातो म्हणाला. सिस्टर पिशवी आवरायला लागल्या. सुटलो बाई, असं वाटायला हवं होतं मला, पण वाटेना. पट्टीचा काय दोष, मीच तिच्यासाठी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. गप्प बसले तर हा सडका पाय घेऊन आठ दिवस खाऱ्या पाण्यात उभा राहणार. बोलले तर कापणार.

"सिस्टर, सकाळपासून तीनदा धुतलीय मी ती," मी म्हटलं. "आन् तिला वास हाय."

सिस्टर रागावल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. औषधानं घासलं की वरचे जंतू जातात, आतले तसेच राहतात, म्हणाल्या. आता हात लावू नका, चारला परत येते. काशीनाथ भिंतीकडं तोंड करून निजला.

चारला दुसरी रेघ यायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

रिक्षात मी त्याचा पाय मांडीवर घेतला. सिस्टर फोनवर दवाखान्यात कळवत होत्या, पेशंट आणतोय, आधीच उशीर झालाय. तेव्हा काशीनाथनं तोंड उघडलं.

"वास कधीपासून येतोय तुला?"

खोटं बोलता आलं असतं.

"चार दिवस झाले," मी म्हटलं. "भ्याले मी."

दोन्ही हातांनी उचलून पाय त्यानं माझ्या मांडीवरून खाली ठेवला.