डावीकडून येणारी पुस्तकं

“आई, डावा! डावा पाय टाका!” मी खुर्चीतूनच ओरडले. सासूबाईंनी डावा पाय उचलला, पण तो खाली टेकवलाच नाही. टीव्हीवर लाल फुली उमटली आणि फ्राऊ लिंडनरनी मान हलवली.

म्युनिकमधल्या या फिजिओथेरपिस्ट बाई, वयस्कर माणसं पडू नयेत म्हणून त्यांना व्हिडिओ गेम खेळायला लावायच्या. चटईवर उभं राहायचं. पडद्यावर पसारा दिसायचा, उजवीकडून चेंडू यायचे, डावीकडून पुस्तकं. जे येईल त्यावर त्या बाजूचा पाय दिला की वस्तू कपाटात जायची. आई चेंडूवर असा झटकन पाय द्यायच्या की बघत राहावं. डावीकडे मात्र सगळा आनंद!

“आल्झो, म्हणजे थोडक्यात, डावा पाय साथ देत नाहीये,” फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. “एकटं राहणं मला धोक्याचं वाटतं.”

सिद्धेशला, माझ्या नवऱ्याला, तेवढंच हवं होतं. हिवाळ्यात आई बर्फावरून घसरल्या, मनगट मोडलं, तेव्हापासून त्याने धसकाच घेतला होता. हे कळताच तो तिथेच फोनवर आईंना म्हणाला,

“आई, तू साताऱ्याला परत जायचं नाहीस. विषय संपला.”

“माझं घर आहे रे तिथे.”

“आणि पडलीस तर उचलणार कोण?”

आई म्हणजे साताऱ्याच्या नगर वाचनालयात जन्म गेलेली बाई. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी जाऊन तिथली वर्तमानपत्रं लावून द्यायची. आमच्याकडे त्यांना काही कमी नव्हतं, पण करण्यासारखंही काही नव्हतं. खरं सांगते, मला त्यांचा रागच आला होता. एवढी ताठ बाई एका चटईपुढे हरते म्हणजे काय? परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मी विचारलंच.

“अहो आई, डावा पाय दुखतो का?”

“छे गं!”

“मग टाकत का नाही?”

“पुस्तक आहे ते, वैभवी!” त्या माझ्यावरच डाफरल्या. “पुस्तकावर पाय देऊ?”

“चित्र आहे हो नुसतं!”

“असू दे. चुकून लागला तरी पाया पडतो आपण. आणि ही बया मुद्दाम द्या म्हणते.”

“मग तिला सांगायचं ना! तुमचं साताऱ्याला जाणं अडलंय त्यावर!”

“एवढ्या हौसेनं शिकवते बिचारी. तिच्या खेळाला नावं कशी ठेवायची?”

मी कपाळावर हात मारला.

पुढच्या खेपेला सिद्धेशला ओढूनच नेलं. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये फ्राऊ लिंडनरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आज पडद्याकडे नको, पायाकडे बघू.”

पुस्तक आलं. आईंनी डावा पाय वर घेतला आणि पुस्तक निघून जाईपर्यंत एका पायावर उभ्या राहिल्या. बाजूच्या दांडीला बोटही लावलं नाही. पुन्हा पुस्तक, पुन्हा तसंच. पडद्यावर फुल्यांवर फुल्या!

“आता डाव्या पायावर,” फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. आई तशाही उभ्या राहिल्या, वर आमच्याकडे बघून हसल्या.

“गेनाऊ! अगदी बरोबर! मशीन टेकवलेला पाय मोजतं, उचलून धरलेला नाही,” फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. “आणि हे जास्त अवघड आहे.”

अहाहा, काय अभिमान वाटला मला! माझी सासू आहे म्हणून त्या खोलीतल्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. सिद्धेशने चष्मा काढून पुसला.

“तिकीट काढतो गं आई,” तो म्हणाला.

तरी त्याने विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवलीच. आपल्याकडचे सगळेच आईवडिलांसाठी सांगतात, भाषा येत नाही, चुकायला नको म्हणून. निघताना आमच्या अवनीने आजीला स्वतःचं आवडतं चित्रांचं पुस्तक दिलं, जर्मन. आईंनी ते कपाळाला लावलं.

व्हीलचेअर घेऊन आलेल्या माणसाला आईंनी नमस्कार केला, खुर्चीत ते पुस्तक नीट ठेवलं आणि चालायला लागल्या. तो बिचारा सारखा खुर्चीकडे बोट दाखवत होता. आई मान हलवून नाही म्हणत होत्या.

सिक्युरिटीच्या दारातून आधी खुर्चीत बसून पुस्तक गेलं. शेजारून आई चालत होत्या, खुर्चीला हातही न लावता.