एक अंगण, दोन चुली

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. सोलापूरजवळच्या वळसंग गावात मायाक्काच्या खोलीत, खिडकीपाशी माझी जागा. जन्म मात्र तैवानचा. समुद्रातलं छोटं बेट, समोर बलाढ्य चीन. चीन म्हणतो, हे बेट माझंच. बेटावरचे लोक आपलं सरकार आपण निवडतात, तरी वेगळेपणाची दवंडी पिटत नाहीत.

सोलापुरातल्या एका कारखान्यात मी शाळेचे गणवेश शिवले. तुमच्यापैकी कुणाच्या तरी बापाची खाकी चड्डी माझ्या हातची असेल. तेव्हा माझं फार कौतुक होतं. मग नवी मशीन आली आणि मला गोणपाट पांघरून कोपऱ्यात बसवलं. तिथून मायाक्कानं मला घरी आणलं.

नवरा गेल्यावर मायाक्कानं चूल वेगळी मांडली, पण वाटणी मागितली नाही. अंगण एकच, नळ एकच, आणि तो नळ थोरल्या दिराच्या, धुळाप्पांच्या दारात.

तिची लेक प्रियंका शिकायला गेली ती नेमकी माझ्या माहेरी. परवा टीव्हीवर बेटाभोवती घिरट्या घालणारी चिनी विमानं दिसली, तेव्हापासून माझा दोरा सारखा तुटू लागला. धुळाप्पा दारात येऊन म्हणाले, पोरीला परत बोलव, एका चुलीवर या, स्थळ मी बघतो.

मायाक्कानं घाबरून फोन लावला. प्रियंका म्हणाली, इथं सगळे नाष्ट्याच्या रांगेत आहेत. तिनं घरमालकिणीला विचारलंही होतं, वेगळं व्हायचंय की चीनमध्ये सामील व्हायचंय? आमच्या बेटावर लोकांना हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारतात. बहुतेकांचं उत्तर एकच, सध्या आहे तसं राहू दे. मालकीणही तेच म्हणाली.

"मग भ्या वाटत न्हाय व्हय तिला?"

"वाटतं की आये. पोरगं सैन्यात हाय तिचं. पर उद्याच्या नाष्ट्याचं सोयाबीन भिजत घालूनच झोपती."

बिरोबाची जत्रा आली. जत्रेला दर चुलीमागे एक नैवेद्य जातो. मायाक्का पोळ्या आपल्या चुलीवर करायची आणि जावेच्या ताटात ठेवायची. यंदा पाहुण्यांदेखत धुळाप्पांनी अडवलं. "आज सांगून टाक. नैवेद्य एक का दोन? आन् पोरगी कवा येती?"

दोन म्हटलं तर नळ तुटणार. एक म्हटलं तर पोरीचं शिक्षण. खिडकीत माझा पट्टा ताणून बसला होता.

मायाक्कानं पदर सावरला. "भावजी, ताट तुमचं, पोळ्या माज्या. देवानं इतकी वर्सं खाल्ल्या, त्यानं कवा न्हाय विचारलं. पोरगी शिकून झालं की यील."

जाऊ पदराआड हसली. धुळाप्पा खाकरले. "जीभ तेवडी वेगळी झाली तुजी," म्हणाले, आणि ताट उचललं.

नळ अजून चालू आहे. प्रियंका तिथंच आहे. विमानंही अधूनमधून येतात, आणि त्या दिवशी माझी शिवण वाकडी जाते.

मित्रांनो, लोक म्हणतात, जुनी असून बघा कशी आहे तशी चालतेय. आपोआप नाही हो चालत. मायाक्का रोज फडकं फिरवते, थेंबभर तेल सोडते. आहे तसं राहायलाही रोज कुणाचा तरी हात लागतो. तुमच्या घरी अशी एखादी मशीन असेल, किंवा एखादी मायाक्का, तर 'इकडं का तिकडं' असं विचारायच्या आधी तेवढं करा.