दोन आडव्या नळ्या

दादाने स्वतः चहा आणून तिच्या टेबलावर ठेवला, तेव्हाच तिने ओळखलं की याला काहीतरी हवंय.

"पट्टे, चारवाल्यांचा आकडा बघितलास?"

लहानपणी ती पट्टी घेऊन दिसेल ते मोजत सुटायची, म्हणून भावाने ठेवलेलं हे नाव. ऑफिसात तो ते कधी वापरायचा नाही.

त्यांच्याकडे एका इटालियन कंपनीच्या पुढच्या स्पोर्ट मोटरसायकलचं काम होतं. दोन आराखडे समोरासमोर होते; त्यांतला एक कंपनीची समिती निवडणार होती. एकात चार सिलिंडरचं इंजिन, इतकं भक्कम की वेगळी फ्रेम जवळजवळ लागतच नव्हती. दोन्ही चाकं इंजिनालाच जोडायची. दुसरा आराखडा दादाचा: दोन सिलिंडरचं लांबोडकं इंजिन आणि त्याला धरून तिने बेतलेली पोलादी नळ्यांची जाळीदार फ्रेम. या इंजिनापायी दादाने केस पांढरे केले होते. समितीने नाही म्हटलं की ते संपलं. तसं इंजिन पुन्हा कोणी मागणार नव्हतं.

"कागदावर ते आपल्यापेक्षा ताठ दिसतात," दादा म्हणाला.

"पिळायला गेलं तर आपली फ्रेमही ताठ आहे. बाजूने मी मुद्दाम मऊ ठेवलीय."

"समितीला मुद्दाम-बिद्दाम कळत नाही गं. मोठा आकडा कळतो."

तिने पुन्हा समजावलं. सरळ रस्त्यावर धक्का खालून येतो, तो शॉकअब गिळतात. वळणावर गाडी आडवी झाली की तोच धक्का बाजूने येतो, आणि त्या दिशेला शॉकअब हलतच नाहीत. तेव्हा फ्रेमनेच थोडं वाकायचं असतं. त्या वाकण्यातूनच चाकाची पकड किती उरलीय ते चालवणाऱ्याला कळतं.

"मला पटतं. पण हे तू मला सांगतेस. त्यांच्यापुढे तुझी दातखीळ बसते, त्याचं काय?"

ते खरं होतं. समितीपुढे ती आकडे ठेवायची आणि खाली बसायची. बोलण्यापेक्षा नळ्या वाढवणं तिला सोपं वाटलं. तिने फ्रेमच्या दोन्ही अंगांना सांधणाऱ्या दोन आडव्या नळ्या घातल्या. आकडा चारवाल्यांच्या वर गेला. समितीने मान डोलावली आणि नमुना तयार झाला.

चाचणीला गाडी चालवणाऱ्याला सगळे बोका म्हणत. कुठूनही पडला तरी पायांवर उभा राहायचा. तो ठरल्यापेक्षा लवकर परत आला आणि त्याने हेल्मेट काढलं.

"इंजिन म्हणजे लोणी आहे, दादासाहेब."

"आणि?"

"गाडी घुमी आहे. वळणात विचारतोय, बाई गं, घसरणार असशील तर आधी सांग. ही ढिम्म! कपाटावर बसून फिरल्यासारखं वाटलं."

कोणीतरी खुसखुसलं. समितीच्या प्रमुख बाई हसल्या नाहीत. आकड्यांचा कागद त्यांनी केव्हाच घडी करून पर्समध्ये टाकला होता. त्या फक्त बोक्याचं ऐकत होत्या.

"फ्रेममध्ये दोन नळ्या जास्तीच्या आहेत," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "त्या काढल्या तर..."

"जास्तीच्या होत्या, तर घातल्या कशाला?" प्रमुख बाईंनी विचारलं.

दादाने तोंड उघडलं. त्याने बोलायच्या आत ती म्हणाली, "आकडा चांगला दिसावा म्हणून."

प्रमुख बाई तिच्याकडे वळल्या. "मग तुमच्या बाकीच्या आकड्यांचं मी काय करू?"

चार सिलिंडरचा आराखडा मंजूर झाला. साच्यांची ऑर्डर त्याच आठवड्यात गेली.

नमुना मोडीत निघायच्या आदल्या दिवशी बोकाच कार्यशाळेत आला. "जायचीच आहे तर कापून तरी बघू. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

तिनेच खडूने खुणा केल्या. वेल्डरने ग्राइंडर लावला, दोन्ही नळ्या खणकन खाली पडल्या. बोका गाडी घेऊन गेला तो फिरतच राहिला. शेवटी पेट्रोल संपलं तेव्हा घामाघूम होऊन गाडी ढकलत आला, आणि लांबूनच ओरडला, "अहो, ही तर बोलते! थांबतच नाही बोलायची!"

मग त्याने दोघांचे चेहरे पाहिले. स्टँड लावून तो गुपचूप पाणी प्यायला गेला.

दादा इंजिनावर हात ठेवून उभा होता. ते अजून तापलेलं असणार, पण त्याने हात काढला नाही.

"आता आकडा किती?"

"चारवाल्यांच्या खाली. बराच."

"मग तसंही नाकारलंच असतं त्यांनी."

बाईंनी आकड्यांचा कागद पर्समध्ये टाकून फक्त बोक्याचं ऐकलं, हे त्यानेही पाहिलं होतं. तेव्हा तो तिच्या शेजारीच उभा होता.

"हो," ती म्हणाली. "नाकारलंच असतं."