‘सु’च्या शेवटचं अक्षर

“तुमचं ‘सु’ अर्धं आहे,” जगदीश म्हणाला, तसा उस्माननं चहाचा कप खाली ठेवला.

बहारिनमध्ये मआमीरजवळ समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात जगदीश पाण्याचे नमुने तपासायचा. तुर्की फोरमन उस्मान पाण्याला ‘सु’ म्हणायचा. नवा उझबेक फिटर हाशिम म्हणायचा ‘सुव’. उस्मानच्या मते हाशिमच्या लोकांनी ‘व’ पदरचा जोडला होता.

“मोटारीला काय म्हणता?” जगदीशनं विचारलं.

“अराबा.”

“त्याची मोटार?”

“अराबासी.”

“आणि त्याचं पाणी?”

“सुयू.”

“मग ‘अराबासी’सारखं ‘सुसू’ का नाही?”

उस्माननं ‘सुसू’ असं म्हणून पाहिलं आणि मान हलवली. जन्मभर तो ‘सुयू’च म्हणत आला होता.

“‘स’ स्वरानं संपणाऱ्या शब्दाला लागतो,” जगदीश म्हणाला. “‘सु’ला लागत नाही, म्हणजे शेवटी आणखी एक अक्षर होतं, व्यंजन. तुमच्यात गळलं, हाशिमकडं उरलंय. माझ्या मते तो ‘ब’ असणार. आमच्याकडं ‘दीप’मधला ‘प’ मऊ होऊन ‘दिवा’ झाला, तसाच हा ‘ब’ मऊ होऊन ‘व’ झालाय.”

“तू नमुने तपास,” उस्मान हसला. “खलास, विषय संपला.”

वडील गेले तेव्हा भाषाशास्त्राचं एम.ए. अर्धवट सोडून जगदीश बहारिनला आला होता. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. त्या आठवड्यात त्यानं अंकारातल्या एका प्राध्यापकांना तीन पानांचं पत्र लिहिलं, चारदा फाडून.

“बाबा, हू केअर्स?” श्रावस्ती म्हणाली. बारा वर्षांच्या या मुलीला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं.

चार महिन्यांनी कंपनीच्या पत्त्यावर इंग्रजीत उत्तर आलं. तुर्की शिक्का पाहून उस्माननं पाकीट स्वतः आणून दिलं आणि कँटीनमध्ये सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं.

‘मंगोलियातल्या सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या शिलालेखात पाण्यासाठी “सुब” असं कोरलेलं आहे. आम्हीही मूळ रूप तेच मानतो. आपण तो शिलालेख न पाहता, दोन सहकाऱ्यांच्या बोलण्यावरून तिथं पोहोचलात. आपलं शिक्षण कुठं झालं, हे जाणून घ्यायला आवडेल.’

हाशिमनं टेबलावर थाप मारली. उस्माननं पत्राची नीट घडी घातली, उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी ते जगदीशला दिलं. “होजाम,” तो म्हणाला. तुर्कीत गुरुजींना असंच म्हणतात.

घरी श्रावस्तीनं पत्र दोनदा वाचलं.

“मग बाबा,” ती अडखळत म्हणाली, “आपलं ‘पाणी’ कुठनं आलं?”

जगदीशनं आपल्याशेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढून घेतली.